ब्रॉक पर्डी हावरट नाही : बे एरियातील मराठी फोर्टीनाइनर्सप्रेमींना खुले पत्र

सनीवेल, कॅलिफोर्निया
२० एप्रिल २०२५

मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात पाडव्याच्या जेवणाला आपण वीस-बावीस जण एकत्र जमलो होतो. पुऱ्या तळून होईपर्यंत गप्पा मुलांच्या शाळा आणि घरांच्या किमती यांवरच चालल्या होत्या. मग कोणीतरी आपल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू, ब्रॉक पर्डी याच्या कराराचा विषय काढला आणि श्रीखंडाच्या वाट्या हातातच राहिल्या. वर्षाला पाच कोटी डॉलर मागणारा हा मुलगा हावरट निघाला, असे एकाने ठासून सांगितले आणि निम्म्या पंगतीने माना डोलावल्या. यजमानांच्या घरी आवाज चढवणे बरे दिसले नसते म्हणून मी त्या वेळी गप्प राहिलो. परंतु तो शब्द तेव्हापासून मनात सलतो आहे आणि येत्या गुरुवारी ड्राफ्ट, म्हणजे एनएफएल या लीगमधल्या संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा वार्षिक सोहळा, सुरू होण्याआधी त्याविषयी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात असे वाटले, म्हणून हे पत्र. पर्डीला मुदतवाढ द्यावी की नाही, यावर मतभेद असू शकतात आणि ते असावेतही. माझा आक्षेप आहे तो त्या एका शब्दाला आणि त्यामागच्या हिशेबाला.

पर्डी आपल्याकडे आला कसा, ते आधी आठवू या. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये एकूण २६२ खेळाडू निवडले गेले आणि त्यांतला २६२ वा पर्डी होता. शेवटी निवडल्या जाणाऱ्या खेळाडूला ‘मिस्टर इरेलेव्हंट’ म्हणजे साध्या भाषेत ‘श्रीयुत बिनमहत्त्वाचे’ अशी पदवी देऊन त्याची हसतखेळत मिरवणूक काढण्याची प्रथा १९७६ पासून चालत आली आहे. त्या मानाला साजेसा करारही त्याला मिळाला : चार वर्षांचे मिळून सुमारे ३७ लाख डॉलर. त्याच्या एकच वर्ष आधी आपल्या संघाने ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला तिसऱ्या क्रमांकावर घेण्यासाठी पहिल्या फेरीतले निवडीचे तीन हक्क खर्ची घातले होते आणि लान्सचा चार वर्षांचा करार ३ कोटी ४१ लाखांचा होता. लान्स आपल्यासाठी सुरुवातीपासून खेळला असे सामने चारच झाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीतल्या एका हक्काच्या बदल्यात तो डॅलसला गेला. लान्सवर उधळलेल्या पैशांबद्दल त्याला हावरट म्हटलेले मात्र मी आपल्यापैकी कोणाच्याही तोंडून ऐकलेले नाही.

पुढचे सगळे आपल्या डोळ्यांसमोर घडले. सप्टेंबर २०२२ मध्ये लान्सचा घोटा मोडला, ४ डिसेंबरला मायामीविरुद्ध त्याच्या जागी खेळणाऱ्या जिमी गारोपोलोचा पाय मोडला आणि तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून बाकावर बसलेला हा मुलगा मैदानात उतरला. तो सामना आपण ३३-१७ ने जिंकलो. पुढच्या रविवारी टॉम ब्रेडीच्या टॅम्पा बेला ३५-७ ने हरवले. आणि त्यानंतर जानेवारीच्या अखेरीस फिलाडेल्फियात कोपराचा अस्थिबंध तुटेपर्यंत पर्डी सुरुवातीपासून खेळलेला एकही सामना आपण हरलो नाही. त्या फिलाडेल्फियाच्या सामन्यातले एक दृश्य मी विसरू शकत नाही. त्याच्या जागी आलेल्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार लागला आणि ज्याला दहा यार्डांच्या पलीकडे चेंडू टाकणेही अशक्य झाले होते, त्या पर्डीला पुन्हा आत यावे लागले. सामना हातातून गेलेला होता, सगळ्या देशाला ते दिसत होते आणि हा मुलगा चेंडू घेऊन मागच्या धावपटूच्या हातात ठेवत होता, पुन्हा घेत होता, पुन्हा ठेवत होता. उजवा हात अंगाशी धरलेला. मार्चमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये तो पहिल्याच सामन्यापासून उभा राहिला.

२०२३ च्या हंगामात त्याने पासांतून ४,२८० यार्ड कमावले. जो मोंटाना आणि स्टीव्ह यंग या थोर क्वार्टरबॅकांच्या संघातला हा एका हंगामाचा उच्चांक आहे. ३१ टचडाउन (शेवटच्या रेघेपार पोचलेले पास), ११ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले पास) आणि ११३.० हे लीगमधले सर्वांत वरचे पासर रेटिंग, म्हणजे पास टाकण्याच्या कामगिरीचा गुणांक. उपांत्य सामन्यात डेट्रॉइटविरुद्ध मध्यंतराला आपण ७-२४ ने मागे होतो. तेव्हा आपल्यातले दोघे गाडी काढायला निघाले होते, त्यांची नावे मी येथे लिहीत नाही. ३४-३१ ने आपण जिंकलो आणि त्या उत्तरार्धात पास सुचला नाही तेव्हा पर्डी स्वतः चेंडू घेऊन पळाला होता. त्या वर्षी त्याचा पगार ८ लाख ७० हजार डॉलर होता. इथल्या भाड्यांचा आणि त्या पगारावरच्या कराचा हिशेब मांडून तो संघातल्या एका सहकाऱ्याबरोबर घर वाटून राहत होता, हे ऐकल्यावर आपल्यापैकी ज्यांनी सनीवेलच्या दोन खोल्यांत चौघांनी दिवस काढले आहेत, त्यांना त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटली होती.

हा पगार म्हणजे पर्डीने केलेला त्याग नव्हता, ही या वादातली खरी मेख आहे. त्याला दुसरा मार्गच नव्हता. २०११ च्या सामूहिक करारापासून नवोदितांच्या पगाराचा तक्ता ठरवून दिलेला आहे आणि ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूशी तीन हंगाम पुरे होईपर्यंत नवा करार करण्यास संघालाही मनाई आहे. म्हणजे २०२३ च्या त्या हंगामानंतर संघप्रमुख जेड यॉर्क यांच्या मनात आले असते, तरी त्यांना पर्डीला एक डॉलरही वाढवून देता आला नसता. या नियमामुळे जो पैसा वाचला तो आपण मजेत खर्च केला. सप्टेंबर २०२३ मध्ये निक बोसाला पाच वर्षांसाठी १७ कोटी मिळाले. त्याच वर्षी जावॉन हारग्रेव्ह आला. गेल्या उन्हाळ्यात ब्रँडन आयुकला चार वर्षांसाठी १२ कोटी मिळाले. मॅकॅफ्री, ट्रेंट विल्यम्स, किटल, वॉर्नर हे सगळे एकाच वेळी एकाच संघात ठेवता आले. सगळ्यांत महागड्या, म्हणजे क्वार्टरबॅकच्या, जागेवरचा माणूस सगळ्यांत स्वस्त होता, म्हणून हा थाट जमला.

त्या काळात आपण काय करत होतो? पुठ्ठ्यावर लाल आणि सोनेरी रंगाने ‘२६२ : स्वस्त आणि मस्त’ असे लिहून तो फलक आपण लीव्हाय स्टेडियममध्ये पूर्वेच्या बाजूला, त्या डोके तापवणाऱ्या उन्हात, अख्खा हंगाम उंचावला. अक्षरे माझी आहेत. तेव्हा ते विनोदी वाटले होते. आज मागे वळून पाहताना असे दिसते, की स्वस्ताईला आपण त्याचा गुण समजलो आणि आता ती संपली तर तो त्याचा दोष समजतो आहोत. वास्तविक ती त्याची कधी नव्हतीच; ती लीगच्या नियमाची होती आणि फायदा आपल्याला झाला. गरज सरो, वैद्य मरो हा व्यवहार आपल्या आजीने तरी चालवून घेतला असता का?

आणि हे बोलणारे आपण कोण? पंगतीतल्या बहुतेकांची रोजीरोटी टास्मन ड्राइव्ह आणि सेंट्रल एक्स्प्रेसवेच्या आसपासच्या कंपन्यांत आहे. नोकरी लागताना मिळालेले शेअर चार वर्षांत हातात येऊन संपले आणि नवे मिळाले नाहीत, की दोन महिन्यांच्या आत आपण दुसरीकडे मुलाखती देऊ लागतो आणि तिकडचे ऑफर लेटर आणून मॅनेजरच्या टेबलावर ठेवतो. त्यात गैर काहीच नाही, मीही ते दोनदा केले आहे. परंतु पहिल्या पगारपत्रकावर तीन वर्षे अडकलेला, त्या तीन वर्षांत दोन वेळा संघाला कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत, आणि एकदा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत नेणारा माणूस बाजारभाव मागतो तेव्हा आपल्याला एकदम साधेपणाची आठवण येते. बाजारभाव म्हणजे काय, तेही पाहा. गेल्या वर्षभरात इतर संघांच्या क्वार्टरबॅकांपैकी डॅक प्रेस्कॉटला वर्षाला सरासरी ६ कोटी, ट्रेव्हर लॉरेन्स आणि जॉर्डन लव्ह यांना साडेपाच कोटी, तुआ टागोव्हायलोआ आणि जॅरेड गॉफ यांना ५ कोटी ३० लाखांच्या आसपास मिळाले. यांपैकी सुपर बोल खेळलेला एकटा गॉफ, तोही दुसऱ्या संघातून आणि हरलेला.

आता गंभीर आक्षेपांकडे वळतो, कारण सगळेच विरोधक उथळ नाहीत. पहिला आक्षेप असा, की पर्डी काही नाही, सगळी किमया प्रशिक्षक काइल शानहान यांच्या आखणीची आहे आणि त्या आखणीत कोणालाही उभे केले तरी चालेल. हे मत मांडणाऱ्यांनी २०१८ आणि २०२० हे हंगाम पुन्हा पाहावेत. प्रशिक्षक हेच होते, आखणीही हीच होती. गारोपोलो जखमी झाल्यामुळे सी. जे. बेथर्ड आणि निक मुलेन्स यांच्यावर भिस्त होती आणि निकाल होता चार विजय आणि बारा पराभव, म्हणजे ४-१२, आणि ६-१०. अगदी अलीकडचे हवे असेल तर गेल्या नोव्हेंबरातला ग्रीन बेचा सामना घ्या. पर्डीचा खांदा दुखावला होता, ब्रँडन ॲलन खेळला, ३८-१० ने हरलो. चांगली आखणी चांगल्या क्वार्टरबॅकला आणखी चांगला करते यात शंका नाही, परंतु तसे तर मोंटानाचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांची आखणी आणि जो मोंटाना यांच्याविषयीही म्हणता येते आणि मोंटानाही तिसऱ्या फेरीत ८२ वा निवडला गेला होता. पर्डी मोंटाना आहे असे मी म्हणत नाही. तेवढे वेड मला लागलेले नाही.

दुसरा आक्षेप गेल्या हंगामाचा आहे आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. ६-११ हा निकाल कोणाच्याही नावावर शोभत नाही. मॅकॅफ्री जेमतेम चार सामने खेळला, आयुकचा गुडघा ऑक्टोबरात गेला, विल्यम्स निम्म्याहून थोडेच अधिक सामने उभा राहिला, हे सर्व खरे असले तरी कॅन्सस सिटीविरुद्धची तीन इंटरसेप्शन पर्डीच्याच हातून गेली होती आणि ॲरिझोनाविरुद्ध मध्यंतराला २३-१० ने पुढे असताना हरलेला सामनाही त्याचाच होता. वर्षभरात २० टचडाउन आणि १२ इंटरसेप्शन ही आकडेवारी वर्षाला पाच कोटींची नव्हे. डिसेंबरच्या पावसात रॅम्सविरुद्ध आपण १२-६ ने हरलो, त्या रात्री ओल्या चेंडूने त्याचे पास कसे लडबडत गेले ते मी तिथेच भिजत पाहिले आहे. लहान चणीचा, मध्यम ताकदीच्या खांद्याचा क्वार्टरबॅक घेतला की अशा रात्री येणार, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल.

मात्र या हंगामाच्या आधारावर फेब्रुवारी २०२४ च्या कॅन्सस सिटीविरुद्धच्या सुपर बोलचा दोषही जे त्याच्या माथी मारतात, त्यांनी जादा वेळेतला तो तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा) पुन्हा एकदा थांबवून पाहावा. मिलपिटासच्या घरी आपण तो पाहिला तेव्हा खोलीत इतकी शांतता होती की तळणाचा आवाज येत होता. चार यार्ड हवे होते, टचडाउनची रेघ नऊ यार्डांवर होती. क्रिस जोन्स, कॅन्सस सिटीचा सर्वांत धोकादायक माणूस, कोणाचाही हात न लागता सरळ अंगावर आला. पर्डीला चेंडू घाईने सोडावा लागला, तो सहकारी जेनिंग्जपर्यंत पोचला नाही आणि तीन गुणांवर समाधान मानावे लागले. पुढे कॅन्सस सिटीच्या क्वार्टरबॅक महोम्सने काय केले ते सांगायला नको. त्याआधी चौथ्या सत्रात आपली एका गुणाची किक अडवली गेली होती. ती आत गेली असती तर कदाचित जादा वेळच आली नसती. २५-२२ च्या त्या हारीत पर्डीचा वाटा शोधायचाच असेल तर शोधा, पण समोर जोन्सला मोकळा सोडणारा पर्डी नव्हता.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो पगारमर्यादेचा, म्हणजे एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा या लीगने घातलेल्या मर्यादेचा आहे. यंदाची, म्हणजे २०२५ ची, मर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर आहे. त्यातले पाच कोटी एकाला दिले तर बाकीच्या पन्नासेक जणांत काय वाटणार, असा तो प्रश्न. या वर्षी मार्चमध्ये डीबो सॅम्युअल वॉशिंग्टनला गेला, हुफांगा आणि ग्रीनलॉ डेन्व्हरला, चार्व्हारियस वॉर्ड इंडियानापोलिसला, बँक्स ग्रीन बेला, आणि हारग्रेव्हला सोडावे लागले. ती यादी वाचताना मलाही घर रिकामे होत असल्यासारखे वाटले. परंतु महागड्या क्वार्टरबॅकबरोबर जिंकता येत नाही हे म्हणणे टिकत नाही. महोम्सने २०२० मध्ये दहा वर्षांचा ४५ कोटींचा करार केला आणि त्यानंतर दोन सुपर बोल जिंकले. या फेब्रुवारीत त्याच महोम्सला ४०-२२ असे लोळवणारा फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स २०२३ मध्येच पाच वर्षांच्या २५ कोटी ५० लाखांवर सही करून बसला होता. मग फिलाडेल्फियाला बाकीचा संघ परवडला कसा? कराराची सरासरी आणि त्या वर्षीचा मर्यादेवरचा भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून. बोनसचा पैसा खेळाडूच्या हातात आज पडतो, पण हिशेबात तो पाच वर्षांपर्यंत वाटून लावता येतो आणि तोवर मर्यादा वाढत जाते. २०२२ मध्ये ती २० कोटी ८२ लाख होती, म्हणजे तीन वर्षांत तिसऱ्या हिश्शाने वाढली. गृहकर्ज घेतलेल्या कोणालाही हे समजायला अवघड जाऊ नये : हप्ता तोच राहतो, पगार वाढतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. माणूस चुकीचा निघाला तर पुढे ढकललेला सगळा बोजा एकदम अंगावर येतो.

माणूस चुकीचा निघण्याचे उदाहरण म्हणून न्यू जर्सीतले आपले नातेवाईक क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सचे नाव घेतात. घेऊ द्या, त्यांनी भोगले आहे. न्यू यॉर्क जायंट्सने मार्च २०२३ मध्ये जोन्सला चार वर्षांचे १६ कोटी दिले आणि वीस महिन्यांत त्याला सोडून दिले. पण ज्या हंगामाच्या जोरावर ते पैसे दिले, त्यात त्याचे टचडाउन पास १५ होते. पर्डीने २०२३ मध्ये त्याच्या दुप्पट टाकले. आपल्याच घरातले उदाहरण अधिक बोलके आहे : गारोपोलोला २०१८ मध्ये १३ कोटी ७५ लाख देताना त्याने आपल्यासाठी फक्त पाच सामने सुरुवातीपासून खेळले होते आणि तेव्हा आपण पेढे वाटले होते.

करार न करता हे वर्ष ढकलावे, पर्डीने ठरलेल्या पन्नासेक लाखांत खेळावे आणि पुढच्या वर्षी फ्रँचाइझ टॅग लावावा, म्हणजे ठरीव रकमेवर त्याला आणखी एक वर्ष संघातच अडकवून ठेवावे, हा मार्ग पंगतीत फार चतुराईचा म्हणून मांडला गेला. वॉशिंग्टनने त्यांचा क्वार्टरबॅक कर्क कझिन्सच्या बाबतीत २०१६ आणि २०१७ मध्ये हीच चतुराई केली. टॅगचा पूर्ण आकडा त्याच वर्षी मर्यादेवर बसतो, वाटून लावता येत नाही. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, क्वार्टरबॅकचा टॅग चार कोटींच्या वर आहे आणि दुसऱ्यांदा लावायचा तर त्यात आणखी वीस टक्के. दोन वर्षे असे महाग भाडे भरून वॉशिंग्टनच्या हाती शेवटी रिकामे घर आले आणि कझिन्स संपूर्ण हमीच्या ८ कोटी ४० लाखांवर मिनेसोटाला गेला.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. पाच वर्षे, वर्षाला पाच कोटींच्या थोडे वर. हमीची रक्कम पहिल्या तीन वर्षांत एकवटलेली, म्हणजे खांदा किंवा कोपर पुन्हा दगा देऊ लागले तर चौथ्या वर्षी दोन्ही पक्षांना वाट मोकळी. आणि यंदाचा भार हलका. प्रेस्कॉटच्या सहा कोटींपर्यंत कोणी ताणू लागले तर मीही विरोधकांच्या बाजूला येऊन बसेन. संघाचे जनरल मॅनेजर जॉन लिंच यांनी हे काम ऑगस्टपर्यंत रेंगाळू देऊ नये. गेल्या वर्षी आयुकच्या वाटाघाटींत सराव शिबिर कसे वाया गेले आणि नंतरचा हंगाम कसा सुरू झाला, ते त्यांनीही पाहिले आहे. येत्या गुरुवारी अकराव्या क्रमांकावर आपली पाळी येईल तेव्हा बचावफळीच्या पुढच्या रांगेसाठी दांडगा, तरुण, चार वर्षे ठरल्या पगारात राहणारा माणूस घ्यावा. स्वस्ताईची जागा आता तिथे आहे.

यावर आपले मत वेगळे असेल तर अवश्य कळवा, आकड्यांनिशी कळवले तर अधिक बरे. पुढच्या पंगतीत हा विषय निघाला तर त्याचे फेकणे, त्याची उंची, त्याचा खांदा यांवर हवे तितके बोलू. फक्त तो एक शब्द पानात वाढू नये अशी विनंती आहे. आपला तो पुठ्ठ्याचा फलक अजून माझ्या गॅरेजमध्ये सायकलींच्या मागे उभा आहे. ‘स्वस्त’ या शब्दावर कागद चिकटवून तो पुन्हा वापरता येईल का ते मी काल पाहिले. येईल, फक्त ‘आणि’सुद्धा झाकावे लागेल.

आपला,
पूर्वेकडच्या उन्हातला एक सहप्रेक्षक